जावक रजिस्टरातल्या कोऱ्या ओळी

माझ्या पुतणीचं अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट राहिलं. ते तिच्या उतावळेपणामुळे राहिलं, असं आमच्या गल्लीत, भावकीत आणि तिच्या आजोळी परळीला सगळे धरून चालतात. ते खरं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे आणि नऊ वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की मी दुसरीकडे वळवायचो. कधी नळाचं पाणी, कधी पेन्शन, अलीकडे गुडघे. आता पंच्याहत्तरी उलटली. ऐकू कमी येतं, नावं विसरतो, पण हे काही विसरत नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी माझं काम सांगावं लागेल, कारण चूक तिथूनच आली.

मी बीडमधल्या एका खाजगी अनुदानित शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. मुख्याध्यापक बदलले, संस्थेचे अध्यक्ष बदलले, मी होतो तिथेच होतो. माझ्या हातचा प्रस्ताव जिल्हा परिषदेतून त्रुटी काढून परत आला, असं क्वचितच झालं असेल. गावात लोक मला 'कागदाचा माणूस' म्हणत आणि मला ते आवडायचं.

आमच्या शाळांत माणूस आधी रुजू होतो आणि कागद मागून येतो. जूनमध्ये नवा शिक्षक यायचा, हजेरीपटावर सही करायचा, वर्गावर जायचा. त्याच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता मिळायला दोन वर्षं लागत, कधी चार. तोवर त्याच्या वर्गातली पोरं दहावी होऊन जात, त्याचं स्वतःचं लग्नही होऊन जाई. मग एक दिवस मान्यता यायची, ती रुजू झाल्या तारखेपासून. मधली सगळी वर्षं एका कागदाने सरळ व्हायची. कुणी विचारलं, 'साहेब, ऑर्डर नाही, कसं रुजू होऊ?' तर माझं ठरलेलं उत्तर होतं, 'तू खुर्ची धर. कागद येतो मागनं.'

आणखी एक गोष्ट होती, ती मी कधी उघड बोललो नाही. जावक रजिस्टरात दिवसाची पत्रं चढवून झाली की मी खाली दोन ओळी सोडायचो. त्यांना नंबर टाकायचे, पुढे काही लिहायचं नाही. पुढे कधी एखादं पत्र त्याच तारखेला गेलं होतं असं दाखवायची वेळ आली, तर ते त्या ओळीत बसायचं. महिन्याअखेरीस ज्या लागल्या नाहीत त्यांच्यावर 'रद्द' लिहायचो. ही सोय मला माझ्या आधीच्या क्लार्कने शिकवली आणि मी माझ्या नंतरच्याला. आम्ही तिला सोयच म्हणायचो. दुसरा कुठला शब्द तेव्हा मनात आला नाही.

पुतणी माझ्या थोरल्या भावाची. भावाचं किराणा दुकान होतं. ती आठवीत असताना तो छातीत कळ येऊन गेला. माझी बायको त्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात वहिनी, पोरगी आणि मी. तिच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून माझी सही असायची. ती मला आप्पा म्हणते. मी तिला माय म्हणतो, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं.

लहानपणी आजोळी गेली की ती दोरीवरच्या कपड्यांवर बोट फिरवून बघायची. औष्णिक केंद्राची राख कपड्यांवर बसते, हे परळीत कुणाला नवल नाही. तिला होतं. परत आली की मला विचारायची, "आप्पा, ही राख पाण्यात पडली तर कुठं जाती?" मी म्हणायचो, "जाती खाली." "खाली म्हंजे कुठं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या उत्तरामागे ती इंजिनिअर झाली आणि त्याच उत्तरामागे अमेरिकेला गेली.

जाण्याच्या आधीचं एक वर्ष आमच्या घरात नुसता कागदांचा बाजार होता. मला ते दिवस फार सुखाचे वाटतात. विद्यापीठांच्या तारखा, गुणपत्रकांच्या सीलबंद प्रती, प्राध्यापकांची शिफारसपत्रं. आपल्याला काय शिकायचं आहे आणि का, यावर दोन पानं लिहून द्यायची होती. ती तिने इंग्रजीत लिहिली आणि मला मराठीत वाचून दाखवली. त्यात परळीची दोरी होती, कपडे होते. वहिनी म्हणाली, "आगं, धुण्याचं कावून लिहिलंस? ते हसतील की." ती म्हणाली, "हसू दे. बाकी सगळे मोठं मोठं लिहिणार." तिने दुकानाच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळा बेत मांडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दोन वर्षं एम.एस., मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप, मग पीएच.डी. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं, 'परत, परळी.'

तिकडे पहिलं वर्ष तिचं उत्तम गेलं. एका प्राध्यापिकेला तिचा राखेचा विषय पटला. बाईंनी सांगितलं, या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष माती-पाण्याच्या तपासणीचं काम कर, त्यातून जे हाती येईल त्यावर प्रस्ताव लिही, मी तुला पीएच.डी.ला घेते आणि खर्चाची सोय करते. म्हणजे सगळी मदार त्या एका उन्हाळ्यावर आली.

ती दर रविवारी सकाळी सातला फोन करायची. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. वहिनी तेव्हा देवपूजेत, म्हणून पहिली दहा मिनिटं माझी. एका रविवारी तिने मला परवानगीचा प्रकार समजावून सांगितला. परदेशी विद्यार्थ्याला तिकडे मनाला येईल तशी नोकरी करता येत नाही. इंटर्नशिप शिक्षणाचा भाग असेल तरच करता येते आणि तिला कॉलेजमधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसची मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या कागदावर कंपनीचं नाव, पत्ता आणि सुरू करायची तारीख छापून येते. त्या तारखेच्या आधी एक तासही काम करायचं नाही.

मी म्हणालो, "अगं, म्हंजे आमची मान्यता!"

ती हसली. "हो आप्पा. तुमची मान्यताच, पण इथं लौकर येती."

तेवढं एक वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

मे महिन्यात तिला एका लहानशा कंपनीने बोलावलं. जुन्या कारखान्यांच्या जमिनीतल्या मातीची तपासणी करणारी ती कंपनी होती. तिने अर्ज केला, पण त्यावर सही करणारे विभागाचे सर गावाला गेलेले, त्यात आठवडा गेला. ऑफिसने सांगितलं, मंजुरीला दहा कामाचे दिवस लागतील. आणि कंपनीच्या साहेबाने सांगितलं, आमची तुकडी सोमवारी जागेवर निघते. येणार असशील तर ये, नाहीतर दुसरी एक मुलगी थांबली आहे. कागद आला की आणून दे.

त्या रविवारी तिचा फोन आला तो पावणेसातलाच. तो संवाद मला शब्दाला शब्द आठवतो.

"आप्पा, काय करू? ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, थांब."

"कोण बाई?"

"सल्लागार म्हणतात त्यांना. परवानगीचं त्याच बघतात."

"म्हंजे हेडक्लार्क. माय, हेडक्लार्क कधी हो म्हणतो का? मी म्हणलो का कधी कुणाला? थांब म्हणायचा त्याचा पगारच असतो."

"तसं न्हाई आप्पा. इथं लई कडक हाय. एक दिवस पण चालत न्हाई म्हणतात."

"तुझा अर्ज गेला ना?"

"गेला."

"सही झाली?"

"झाली."

"मग मंजुरी येणारच ना?"

"येईल. पण तारीख पुढची टाकतील."

"टाकू दे. तू आधी खुर्ची धर. ती दुसरी पोरगी बसली त्या जागेवर, तर मंजुरीचा कागद घेऊन काय चाटायचा का? चाळीस वर्षं हेच केलंय मी. कागद येतो मागनं."

ती म्हणाली, "नक्की ना आप्पा?"

मी म्हणालो, "माझ्यावर सोड."

'माझ्यावर सोड.' हे मी म्हणालो. तिला तिकडचा कायदा माहीत होता, मला नव्हता. तरी तिने मला विचारलं, कारण लहानपणापासून घरातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला होता आणि एकही अडला नव्हता. मी 'मला यातलं कळत नाही, त्या बाईंचं ऐक' एवढंच म्हणालो असतो, तर फार तर एक उन्हाळा गेला असता. पण मला कळत नाही, असं कागदाच्या बाबतीत मी आयुष्यात कधी म्हणालो नव्हतो.

ती सोमवारी कामाला गेली. मंजुरी त्यानंतर नऊ दिवसांनी आली, तिच्यावर त्याच दिवसाची तारीख. मधे तिने डोक्यावर पिवळी टोपी घातलेला फोटो पाठवला. मी तो शाळेत जाऊन सगळ्यांना दाखवला. "रुजू झाली," म्हणालो. वहिनीला घेऊन लिंबागणेशला गेलो, नारळ फोडला. वाटेत वहिनीने विचारलं, "भावजी, सगळं रीतसर झालं ना?" मी म्हणालो, "माझी पोरगी हाय ती. रीतसरच असणार."

गणपती बसले त्या आठवड्यात तिचा फोन आला, मंगळवारी, भलत्याच वेळी. इंटर्नशिप अभ्यासक्रमात धरली जायची, तर कंपनीचं पत्र कॉलेजला द्यावं लागतं. कंपनीने पत्र दिलं आणि त्यात खरी तारीख लिहिली, ती रुजू झाली तो सोमवार. ऑफिसातल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नऊ दिवसांचा फरक.

आणि मी काय म्हणालो? ते लिहिताना मला आजही मान खाली घालावी वाटते. मी म्हणालो, "एवढंच ना? कंपनीकडून दुसरं पत्र घे. तारीख पुढची टाकून."

ती म्हणाली, "आप्पा, इथं कोऱ्या ओळी सोडत न्हाईत."

शाळेला सुट्टी असली की लहानपणी ती माझ्या ऑफिसात येऊन बसायची. पाय हलवत, मी लिहायचो ते बघत. तिने ते बघितलं होतं आणि तिला ते समजलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग ती म्हणाली, "मी खरं सांगून टाकलंय. मघाशीच. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं होतं का तुला, की चालतं म्हणून? मी म्हटलं, कुणी न्हाई. माझं मीच ठरवलं."

"माझं नाव सांगायचं होतंस."

"सांगून काय फरक पडला असता?"

तिकडे पडला नसता, हे खरं आहे. इकडे पडला असता. पण ते मला नंतर सुचलं आणि सुचल्यावर मी त्याचा फायदा घेतला.

तिचं नाव तिकडच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदीतून निघालं. पुन्हा विद्यार्थी म्हणून घ्या, असा एक अर्ज असतो, पण ज्याने परवानगीशिवाय काम केलं त्याला तो लागू होत नाही. ऑफिसातल्या बाई तिच्याशी चांगल्या वागल्या. त्या म्हणे स्वतःच रडल्या. पण नऊ दिवस हे नऊ दिवस. प्राध्यापिकेने सांगितलं, जागा एक वर्ष धरून ठेवते, भारतातून नवा व्हिसा घेऊन ये. दिवाळीच्या तोंडावर ती बीडला परत आली, दोन बॅगा घेऊन. एका बॅगेत मातीच्या नमुन्यांच्या रिकाम्या डब्या होत्या. कशाला आणल्या, विचारलं तर म्हणाली, "चांगल्या हायत, घट्ट बसतं झाकण." वहिनीने पुढे त्यांत मोहरी-जिरं भरलं.

आता जे लिहायचं आहे ते सगळ्यात अवघड आहे. सल्ला चुकला, त्याला निदान अज्ञान म्हणता येईल. याला काही म्हणता येत नाही.

ती आल्यावर चार दिवसांनी परळीहून तिचे मामा-मामी आले. गल्लीतल्या दोन बायका येऊन बसल्या. पोरगी खाली बसून मेथी निवडत होती. मामांनी विचारलं, काय झालं नेमकं? तिने थोडक्यात सांगितलं: परवानगी यायच्या आधी कामावर गेले. मामी म्हणाली, "आता गं बाई! एवढी काय घाई होती?" पोरगी मेथी निवडतच राहिली. मग वहिनी बोलली. गेले चार दिवस तिच्या पोटात अडकलेलं सगळं बाहेर आलं.

"घरात एवढा कागदाचा माणूस बसलाय. सारं बीड ह्यांना विचारून सही करतं. आन तुला एक फोन लावून विचारू वाटलं न्हाई? कावून विचारलं न्हाईस गं आप्पाला? अमेरिकेत गेली म्हणून शानी झालीस?"

पोरीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघत होती, एवढंच. मला बोलायला जागा मिळावी म्हणून थांबली होती, असं मला आजही वाटतं.

सगळे माझ्याकडे वळले. मी चष्मा काढला, पुसला. आणि म्हणालो, "विचारलं असतं तर सांगितलंच असतं की मी. कागदाशिवाय पाऊल टाकू नको म्हणून."

मामांनी मान डोलावली. "पोरांना वाटतं, आपल्याला सगळं कळतं."

पोरीने मान खाली घातली आणि मेथीची पुढची काडी उचलली. पानं खुडली, देठ बाजूला टाकला. पूर्ण जुडी निवडून होईपर्यंत ती तिथेच बसली होती. तिने मला खोटं पाडलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. त्या रात्री जेवताना तिने मला नेहमीसारखी वाढली भाजी, तीच. मी खाल्ली.

पुढच्या वर्षी व्हिसासाठी आम्ही मुंबईला गेलो. तिला अमेरिकेच्या वकिलातीत सोडून मी रस्त्यापलीकडे झाडाखाली बसलो. मनाशी ठरवलं होतं, बाहेर आली की काहीही होवो, आधी तिची माफी मागायची. पाऊण तासात ती बाहेर आली. खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं, पूर्वी कधी परवानगी नसताना काम केलंय का? ती हो म्हणाली होती. "मग पुढं काही विचारलंच न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "आप्पा, तुमी सकाळपासून काही खाल्लं न्हाई. चला." तिने मला हाताला धरून रस्ता ओलांडून नेलं. आम्ही इडली खाल्ली. माझ्या मनातलं मनात राहिलं. तिला आत्ता दुःख झालंय, आत्ता नको, असं मी स्वतःला समजावलं. नऊ वर्षांत अशी 'आत्ता नको' कितीतरी झाली.

व्हिसा मिळाला नाही आणि प्राध्यापिकेने धरून ठेवलेली जागा दुसऱ्याला गेली. कॅलेंडरचा तो कागद पोरीने स्वतःच कपाटातून काढला. तिने औरंगाबादला माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली, शिक्षणाचं कर्ज तिनेच फेडलं, लग्न केलं नाही. त्याचंही कारण लोक तेच देतात. अमेरिकेहून हाकलली, असं तिच्या पाठीमागे बोलतात, हे मी चहाच्या टपरीवर स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. एकदा एकाने मला तोंडावर विचारलं, "काय सर, ते पुतणीचं काय झालतं बे नेमकं?" 'सर' आणि 'बे' एकाच दमात. दुसरा कुठला विषय असता तर मी त्याला झापला असता. तेव्हा मी चहा अर्धा ठेवून उठलो.

वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांत तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. पोरगी औषधं आणायला गेली तेव्हा वहिनीने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "भावजी, पोरगी हुशार हाय, पण तिला इचारायची सवय न्हाई. मी गेल्यावर तुमीच बघा तिच्याकडं." खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून मोकळी वेळ मिळणार नव्हती. मी म्हणालो, "बघतो वहिनी."

ती लेकीला उतावळी समजूनच गेली. ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

हे सगळं असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एक निवृत्त शिक्षिका घरी आल्या. त्यांची नात अमेरिकेला निघाली आहे. माझी पुतणी हल्ली अशा मुलांना फोनवरून मदत करते, अर्ज कसे करायचे, विद्यापीठ कसं निवडायचं, इंटर्नशिपची मंजुरी कधी मागायची. मला ते माहीत नव्हतं. ती मला सांगत नाही. बाईंच्या फोनवर तिने मुलांसाठी लिहिलेलं एक पान होतं. मराठीत, साधं सरळ. बाईंनी मला ते वाचून दाखवलं. कंपनीचं पत्र हाती येताच त्याच दिवशी अर्ज करा. सही करणारे सर सुट्टीवर जाणार आहेत का, हे आधी विचारून ठेवा. पीएच.डी. करायची असेल तर एका उन्हाळ्याच्या भरवशावर बेत करू नका, दुसरा रस्ता हाताशी ठेवा. मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय कामाच्या जागी पाऊलसुद्धा टाकू नका, साहेब कितीही म्हणाला तरी.

आणि त्याखाली एक ओळ होती. 'घरची मोठी माणसं प्रेमापोटी सांगतात. त्यांच्यावर रागवू नका. पण या बाबतीत त्यांना विचारू नका.'

बाई म्हणाल्या, "हे कावून लिहिलं असेल हो सर तिनं? आमच्या नातीला मी कायम सांगते, कागदाचं काही असलं की तुम्हालाच विचारत जा म्हणून."

मी म्हणालो, "आलं असेल कुणाचं तरी कानावर."

पुन्हा. या वयात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून पुन्हा मी तेच केलं. बाई गेल्यावर मी त्या ओळीचा विचार करत बसलो. रागवू नका, असं तिने लिहिलं होतं. माझ्यासाठी तिने इतकी जागा ठेवली होती आणि मी तिच्यासाठी एवढीशीही ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला पत्र लिहायला बसलो. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. आयुष्यभर मी इतरांचे खुलासे लिहून दिले. उशिरा आलेल्या शिक्षकाचे, गैरहजर शिपायाचे, एकदा तर खुद्द मुख्याध्यापकांचे. त्यामुळे माझा हात आपोआप तिकडेच जातो. 'तत्कालीन परिस्थितीत सद्हेतूने दिलेला सल्ला' असं काहीतरी कागदावर उतरतं. वाचून बघितलं की त्यात सगळं असतं, फक्त मी नसतो.

मग रविवारी ती आली. वहिनी गेल्यापासून आम्ही वर्षातून एकदा कपिलधारला जातो, वहिनीचं तिथे मन असायचं. दर्शन झालं, प्रसाद घेतला. धबधब्याला पाणी बेताचंच होतं. पायऱ्या उतरताना तिने माझा दंड धरला होता. खाली सपाट जागेवर आलो तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. मी थांबलो.

"माय, तुला एक सांगायचं होतं."

तीही थांबली. माझा दंड सोडला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या कानापाशी केस पिकले आहेत, हे मला तेव्हा दिसलं. "बोला आप्पा," ती म्हणाली. आणि ती वाट बघू लागली. मेथीच्या जुडीवरून मान वर करून बघितलं होतं ना, तशीच. घाई नाही, राग नाही. पाण्याचा आवाज येत होता, पण इतका मोठा नव्हता की त्याचं निमित्त करावं.

मी म्हणालो, "बीडची गाडी किती वाजता हाय?"

ती म्हणाली, "साडेचारला." आणि तिने पुन्हा माझा दंड धरला.

तिथे जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं:

माय, तू मला विचारलं होतंस. वर पुन्हा विचारलं होतंस, नक्की ना, म्हणून. मीच सांगितलं जा म्हणून. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं म्हणायची मला लाज वाटली. तुझी आई सगळ्यांदेखत तुला बोलली तेव्हा मी खोटं बोललो आणि ती जाईपर्यंत तेच खोटं चालू ठेवलं. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर.